चौदा सूत

उद्यमनगरातून थेट गेलो,
हाताला कटिंग ऑइलचा वास, खिशात व्हर्नियर.
दुकानाच्या पायरीवर तिघं थांबलेली.
उज्ज्वला म्हणाली, निदान शर्ट तरी बदलायचा.
राजारामपुरीची गल्ली मी नेहमीसारखीच चुकलो होतो,
सातवी समजून आठवीत.

दस्तगीरभाईंकडे भिंतभर गिटारी,
मानेला टांगलेल्या,
काळ्या, निळ्या, एक तर सिग्नलसारखी लाल.
श्रेयशनं लालच धरली.
ती त्याच्या अंगावर अशी बसली
की गिटारीलाच पोरगं झाल्यासारखं दिसलं.

आमचं घर म्हणजे दीड खोली आणि गॅलरी.
खालचे पाटील रात्रपाळीचे, दिवसा झोपतात.
वाजवायला जागा एकच, कॉट आणि फ्रीजच्या मधली,
जिथं बसून उज्ज्वला भाजी निवडते.
भाईंना म्हटलं,
मांडीवर घेऊन वळता येईल अशी दाखवा,
फ्रीजचं दार उघडलं तरी आपटू नये.
भाई हसले नाहीत.
शिडी आणायला आत गेले.

वरून एक काढली, धूळ फुंकली.
लहान, कमरेत बारीक, रंग जुन्या गुळाचा,
तारा नायलॉनच्या.
"लोखंडी तारंनं पोरीची बोटं सोलतील,
आठ दिवसांत माळ्यावर जाईल बघा.
ही घरातली.
स्टेजवर हिचा आवाज कुणाला ऐकू यायचा न्हाई,
पर शेजारच्या खोलीत जाईल की."

मी व्हर्नियर काढला.
मानेची रुंदी, वरच्या टोकाला, साडेचव्वेचाळीस मिलिमीटर,
आमच्या फोरमनच्या भाषेत चौदा सूत.
बाराव्या पडद्यावर तार किती उचललेली, तेही पाहिलं.
मैथिलीला लाज वाटली,
ती पलीकडं पेट्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.
भाई म्हणाले,
मापं घेणारं गिऱ्हाईक तीस वर्षांत पहिलंच.
आता वाजवूनबी बघा.

वाजवायचं मला नव्हतंच.
मला ती घरात आणून ठेवायची होती,
पाण्याच्या टाकीसारखी,
सगळ्यांच्या उपयोगाची.
डावी अनामिका पहिल्या पेरापर्यंतच आहे माझी.
दोन हजार अकरा, पॉवर प्रेस, शनिवार.
त्या बोटाबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही.
त्या दिवशी उज्ज्वला बोलली,
"ह्यांना दोन बोटांत काय बसंल का?"

भाईंनी माझी तर्जनी आणि मधलं बोट उचललं,
दुसऱ्या पडद्यावर, शेजारशेजारच्या तारांवर ठेवलं,
चकमध्ये जॉब बसवावा तसं
आणि वरून स्वतःच्या अंगठ्यानं दाबलं.
"ओढा."

आवाज आला तो जरा उदास होता,
पण आख्खा.
मैथिली पेट्यांच्या मागून बाहेर आली.

मग किमतीवर वीस मिनिटं.
पिशवीचे वेगळे पडतील म्हणाले,
उज्ज्वलानं तिथंच ठरवलं, जुन्या चादरीची शिवायची.
श्रेयश लालसाठी बिंदू चौकापर्यंत रडला.

आता ती कॅलेंडरच्या खिळ्यावर असते,
कॅलेंडर दाराच्या मागं गेलं.
मैथिली शाळेतून आली की हातसुद्धा न धुता,
श्रेयश मागच्या बाजूनं, तबला समजून.
उज्ज्वला कुकर लावून तीन शिट्ट्या होईपर्यंत:
"मी वाजवतो की जरा, तुम्ही गॅसकडं बघा."
आणि मी सगळ्यांत शेवटी,
पाटील कामावर गेल्यावर,
तेच एक, दोन बोटांचं.

दुसऱ्या पडद्याची कड थोडी वर आली होती,
पोरांच्या बोटाला लागायची.
रविवारी बारीक कानस मारली,
कारखान्यात कधी मारली नाही इतकी हळू.
चौथ्या तारेला अजून खरखर आहे.
फोरमननं जॉब परत पाठवला असता.
घरातले म्हणतात, असू दे, तेवढं चालतंय.

कानस मी फ्रीजवरच ठेवली आहे.